‘पेशंट लेड ऑन फ्लोअर’ : एका नोंदीचे तीन अर्थ

पहाटे ३ वाजून २० मिनिटांनी केलेल्या एका नोंदीतील क्रियापद लिहिणाऱ्या परिचारिकेने एका अर्थाने लिहिले आणि सकाळी वाचणाऱ्या परिचारिकेने दुसऱ्या अर्थाने वाचले. परिणामी, डोक्याला मार लागलेला असण्याची शक्यता असलेल्या एका वृद्ध रुग्णाची जी तपासणी ठरावीक अंतराने व्हायला हवी होती, ती सकाळच्या राउंडपर्यंत झालीच नाही. रुग्णाला गंभीर इजा नव्हती हे नंतर सिद्ध झाले. तरीही चौकशी समितीने कागदपत्रांच्या भाषेची स्वतंत्र पडताळणी करून घ्यायचे ठरवले आणि ते काम प्रस्तुत लेखकाकडे आले. रुग्णालयाची किंवा कोणा व्यक्तीची ओळख पटेल असे सर्व तपशील येथे वगळले आहेत. नोंदी मूळ इंग्रजीत असून येथे त्या शब्दाला शब्द ठेवून देवनागरीत दिल्या आहेत.

वादाची नोंद अशी होती : ‘३:२० एएम. पेशंट लेड ऑन फ्लोअर निअर बाथरूम डोअर. बीपी १००/६०. शिफ्टेड टु बेड. डॉक्टर इन्फॉर्म्ड.’ त्याआधीची नोंद पहाटे २ वाजताच्या फेरीची होती आणि तिच्यात ‘पेशंट स्लीपिंग’ एवढेच लिहिले होते. या दोन नोंदींच्या मधल्या काळात काय घडले, याविषयी केसपेपरवर दुसरे काहीही नव्हते.

सकाळी ८ वाजता पाळी बदलली. रात्रपाळीच्या परिचारिकेला त्याच वेळी दुसऱ्या रुग्णाच्या कामात अडकून पडावे लागल्यामुळे तोंडी हँडओव्हर घाईत झाला आणि सकाळपाळीच्या परिचारिकेने मुख्यतः नोंदीवर भिस्त ठेवली. तिने ती वाचून पुढे जे सांगितले ते असे, की रुग्णाला रात्री चक्कर आल्यासारखे झाले, सिस्टरने त्यांना सावकाश खाली निजवले, बीपी कमी आढळले आणि मग कॉटवर घेतले. नोंदीत चक्कर हा शब्द कोठेही नाही, ‘सावकाश’ तर नाहीच नाही. परंतु एखाद्याला कोणीतरी खाली निजवले असे एकदा मनाशी धरले की त्याला कारण लागते, आणि शेजारीच १००/६० हा आकडा असल्यामुळे ते कारण वाचणाऱ्याच्या मनाने पुरवले. इन्सिडेंट रिपोर्टवर साहजिकच ‘असिस्टेड फॉल’ या चौकटीत खूण झाली. म्हणजे रुग्ण तोल जाऊन खाली जात असताना कर्मचाऱ्याने आधार दिला, असा प्रकार. त्या वॉर्डाच्या कार्यपद्धतीनुसार अशा रुग्णाच्या डोक्याला मार लागला नसल्याचे कर्मचाऱ्याने स्वतः पाहिलेले असते, म्हणून शुद्धीची पातळी, डोळ्यांच्या बाहुल्या आणि हातापायांची ताकद वारंवार तपासण्याची सक्ती त्याला लागू होत नाही. कोणी न पाहिलेल्या पडण्याला मात्र ती लागू होते.

साडेनऊच्या राउंडमध्ये डॉक्टरांना रुग्णाच्या उजव्या कानाच्या वर सूज दिसली. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आढळला नाही आणि शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर रुग्णाचे गुण पूर्ण १५ होते. परंतु सावकाश खाली निजवलेल्या माणसाच्या कानावर सूज कशी आली, हा नातेवाइकांचा प्रश्न रास्त होता, आणि चौकशी सुरू झाली ती त्या प्रश्नावरून.

नोंदीत नेमके काय लिहिले आहे

इंग्रजीत ‘लाय’ म्हणजे आडवे असणे, आडवे होणे, पडून राहणे. हे क्रियापद अकर्मक आहे. ‘ले’ म्हणजे दुसऱ्या कशाला किंवा कोणाला आडवे ठेवणे, निजवणे, पसरणे, रचणे. हे सकर्मक आहे. येथवर गोंधळाला जागा नाही. गोंधळ सुरू होतो तो भूतकाळात. ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ असा होतो, म्हणजे दुसऱ्या क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप जसे दिसते तसाच. ‘ले’चा भूतकाळ ‘लेड’ होतो. कर्मणी किंवा पूर्ण काळासाठी लागणारे रूप पहिल्याचे ‘लेन’ आणि दुसऱ्याचे पुन्हा ‘लेड’. चालू काळात पहिल्याचे ‘लाइंग’, दुसऱ्याचे ‘लेइंग’. यात भर म्हणून खोटे बोलणे या अर्थाचे तिसरे ‘लाय’ आहेच, ज्याचा भूतकाळ ‘लाइड’ होतो. मात्र या प्रकरणात त्याचा संबंध नाही.

उच्चाराने हा पेच आणखी आवळला जातो. ‘ही ले डाउन’ म्हणजे तो आडवा झाला. येथे ‘ले’च्या पाठोपाठ ‘डाउन’चा ड येतो, आणि सहज बोलण्यात ‘ले डाउन’ व ‘लेड डाउन’ यांतला फरक कानाला जवळजवळ कळत नाही. ज्याने हे इंग्रजी कानाने उचलले आहे त्याला तो ड पहिल्या शब्दाचा की दुसऱ्याचा, हे सांगणारे काही नसते, आणि बहुतेक क्रियापदांच्या भूतकाळाच्या शेवटी ड असतोच, म्हणून तो ड पहिल्याला चिकटतो. ‘ही लेड डाउन’ हे वाक्य असे तयार होते आणि ते इतके सर्रास ऐकू येते की चुकीचे वाटेनासे होते.

आता नोंदीकडे पाहू. ‘पेशंट लेड ऑन फ्लोअर’ हे वाक्य तीन प्रकारे पुरे करता येते. पहिला प्रकार असा की परिचारिकेला ‘पेशंट ले ऑन फ्लोअर’, म्हणजे रुग्ण जमिनीवर पडलेला होता, असे म्हणायचे होते आणि रूप चुकले. दुसरा असा की वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर असून त्यातला ‘वॉज’ गळला आहे. म्हणजे ‘पेशंट वॉज लेड ऑन फ्लोअर’, रुग्णाला जमिनीवर निजवण्यात आले. तिसरा असा की रूप चुकलेलेच आहे, पण अर्थ ‘रुग्ण स्वतःहून जमिनीवर आडवा झाला’ असा आहे, कारण ‘ले’ या भूतकाळी रूपात आडवे असणे आणि आडवे होणे या दोन्ही छटा सामावतात. रुग्णसुरक्षेच्या भाषेत या तीन वेगळ्या घटना आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार पडणे म्हणजे माणूस नकळत, इच्छेविना जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर येऊन स्थिरावणे. त्या हिशेबाने तिसरा प्रकार पडणे ठरतच नाही, दुसरा आधार दिलेले पडणे ठरतो आणि पहिला कोणी न पाहिलेले पडणे. उपचारांची दिशा या निवडीवर ठरते.

सकाळच्या परिचारिकेने दुसरा अर्थ का घेतला, याचे उत्तर समितीतील काहींनी ‘निष्काळजी वाचन’ असे दिले होते. ते मला मान्य झाले नाही. नोंदीतली पुढची वाक्ये पाहावीत. ‘शिफ्टेड टु बेड’ यात ‘वॉज’ गळलेला आहे. ‘डॉक्टर इन्फॉर्म्ड’ यातही ‘वॉज’ गळलेला आहे. डॉक्टरांनी कोणाला कळवले असे नसून डॉक्टरांना कळवले गेले, असा त्याचा अर्थ आहे आणि तो कोणीही दुसऱ्या प्रकारे वाचत नाही. परिचर्येच्या नोंदींची ही शैलीच आहे : कर्ता वगळायचा, सहायक क्रियापद वगळायचे आणि कर्म वाक्याच्या तोंडाशी आणून ठेवायचे. त्याच ओळीत, त्याच शैलीत ‘पेशंट लेड’ आले, तर सराईत वाचक तेथेही गळलेला ‘वॉज’ भरूनच वाचणार. सकाळच्या परिचारिकेने छापील व्याकरणाला आणि वॉर्डाच्या रूढीला धरून एकमेव योग्य वाचन केले होते. तिचे इंग्रजी कच्चे असते तर कदाचित तिला अर्थ बरोबर लागला असता.

शाळेतली कसोटी येथे का चालत नाही

या जोडीसाठी सर्वत्र एकच कसोटी शिकवली जाते : क्रियापदाच्या पुढे कर्म आले तर ‘ले’, न आले तर ‘लाय’. साध्या कर्तरी वाक्यात ती उत्तम चालते. परंतु कर्मणी वाक्यात कर्म पुढे नसते, ते कर्त्याच्या जागी जाऊन बसलेले असते. ‘द पेशंट वॉज लेड ऑन हिज साइड’ या वाक्यात क्रियापदापुढे कर्म शोधणाऱ्याला ते सापडणार नाही, आणि कसोटी प्रामाणिकपणे लावली तर तो ‘लाय’च्या रूपांकडे वळेल. वॉर्डाच्या नोंदी तर बहुतांशी कर्मणीतच असतात. म्हणजे कसोटीची जेथे सर्वाधिक गरज, तेथेच ती दगा देते. ‘ठेवले हा शब्द घालून पाहा’ ही दुसरी कसोटी त्यामानाने बरी आहे, पण तीही लिहिणाऱ्याच्या उपयोगाची आहे. वाचणाऱ्याला ती लावता येत नाही, कारण लिहिणाऱ्याने ती लावली होती की नाही हे त्याला ठाऊक नसते.

मराठी वाचकाला या भेदाची कल्पना मुळातून शिकवावी लागत नाही. निजणे–निजवणे, बसणे–बसवणे, पडणे–पाडणे, तुटणे–तोडणे अशा जोड्या आपण रोज वापरतो आणि आपल्या व्याकरणात त्यांच्यापैकी काहींना प्रयोजक क्रियापदे हे नाव आहे. ‘लाय’ आणि ‘ले’ यांचे नातेही तसेच आहे. जुन्या इंग्रजीत आडवे असण्याला ‘लिज्जन’ आणि आडवे करण्याला त्यावरूनच बनवलेले ‘लेज्जन’ हे क्रियापद होते. बसणे व बसवणे या अर्थांची ‘सिट’ आणि ‘सेट’, उठणे व उचलणे या अर्थांची ‘राइझ’ आणि ‘रेझ’ ही त्याच घडणीची भावंडे आहेत. आणि मराठी माणसाला सर्वांत ओळखीची वाटावी अशी जोडी म्हणजे ‘फॉल’ आणि झाड पाडणे या अर्थाचे ‘फेल’. धातूतला स्वर बदलून करवून घेण्याचा अर्थ आणण्याची ही रीत संस्कृतातल्या पतति–पातयति या जोडीतही दिसते, कारण दोन्हीकडची परंपरा मुळात एकाच इंडो-युरोपीय घराण्यातली आहे. दुर्दैव इतकेच, की शतकानुशतकांच्या ध्वनिबदलांत इंग्रजीतल्या एका क्रियापदाचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ घासून घासून सारखेच होऊन बसले. पाडणे आणि पडणे यांचे तसे कधी झाले नाही.

मग मराठी ही मातृभाषा असलेल्या परिचारिकेची चूक कशी झाली? तिच्या आधीच्या नोंदी मागवून पाहिल्यावर तिची सवय स्पष्ट झाली. विश्रांती घेणाऱ्या रुग्णांबद्दल तिने ‘पेशंट लेइंग कम्फर्टेबली’ असे लिहिले होते. एकाच्या बाबतीत ‘लेड ऑन बेड विथ आइज क्लोज्ड’ असेही होते. ‘लाइंग’ हे रूप कोठेच आढळले नाही. आडवे असण्यासाठी तिच्या लेखणीत ‘ले’ हे एकच क्रियापद होते आणि त्याचा भूतकाळ तिने नियमाला धरून ‘लेड’ केला होता. यावरून तिला पहिला किंवा तिसरा अर्थ अभिप्रेत असण्याची शक्यता वाढली, पण सिद्ध काही झाले नाही. ज्याच्याकडे एकच क्रियापद आहे तो निजवण्यासाठीही तेच वापरणार.

म्हणून तिला विचारणे भाग होते, आणि समितीने मराठीत विचारले. तिचे पहिले उत्तर होते : “मी गेले तेव्हा ते खाली पडलेले होते.” अनेकांना येथेच प्रश्न मिटल्यासारखे वाटले. वास्तविक मिटला नव्हता. मराठीतले पडणे हे क्रियापद पाडणेपासून स्वच्छ वेगळे असले तरी त्याच्या स्वतःच्या पोटात दोन अर्थ आहेत : कोसळणे आणि आडवे होणे. ‘जरा पडतो’ म्हणणारा माणूस कोसळण्याची घोषणा करत नाही. इंग्रजी या दोहोंसाठी ‘फॉल’ आणि ‘लाय’ अशी दोन वेगळी क्रियापदे ठेवते आणि मग ‘लाय’ व ‘ले’ यांत अडखळते. मराठी त्या ठिकाणी अडखळत नाही, ती आधीच्या पायरीवर अडखळते. रात्रीच्या फोनचेही तेच झाले होते. परिचारिकेच्या आठवणीप्रमाणे ती डॉक्टरांना “पेशंट बाथरूमजवळ पडून होते, बीपी शंभर-साठ आहे” असे म्हणाली, तर डॉक्टरांनी त्यावरून रुग्ण अशक्तपणामुळे आडवा झाला असा अर्थ घेतला आणि बीपीपुरत्या सूचना दिल्या. फोनची ध्वनिफीत नसल्यामुळे नेमके शब्द ठरवता येत नाहीत. दोघांचेही सांगणे मात्र त्या एका क्रियापदाशी जुळते.

समितीच्या अध्यक्षांनी पुढचा प्रश्न नेमका विचारला : “तुम्ही त्यांना खाली येताना पाहिलंत का, आणि त्यांना कोणी धरलं होतं का?” उत्तर आले, “नाही, आवाज ऐकून गेले. आम्ही दोघींनी नंतर उचलून कॉटवर घेतलं.” आवाज आला होता ही गोष्ट तोवर कोणत्याही कागदावर नव्हती. घटना कोणी न पाहिलेल्या पडण्याची होती, आणि ‘लेड’ हे ‘ले’च्या जागी आलेले रूप होते, हे यानंतरच निश्चित झाले.

उपाय कोणता

समितीच्या पहिल्या मसुद्यात सर्व परिचारिकांसाठी इंग्रजी व्याकरणाचा वर्ग घ्यावा अशी शिफारस होती. मी तिला विरोध केला. हा गोंधळ इंग्रजी परकी असणाऱ्यांचा नाही. आडवे असणे या अर्थाने ‘ले’ वापरण्याची उदाहरणे इंग्रजीत चौदाव्या शतकापासून मिळतात, सुमारे १७७० पर्यंत त्यावर कोणी फारसा आक्षेपही घेतलेला दिसत नाही, आणि त्यानंतर पाठ्यपुस्तकांनी अडीचशे वर्षे हा नियम शिकवूनही ज्यांची ती मायबोली आहे असे असंख्य लोक बोलताना तो पाळत नाहीत. जो भेद त्यांना जमला नाही तो पहाटे साडेतीनला, एका हाताने बीपीचा पट्टा सोडवत नोंद लिहिणाऱ्या माणसाकडून पक्का पाळला जाईल, या गृहीतकावर रुग्णाची सुरक्षितता सोपवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. शिवाय वर्गाचा एक विचित्र परिणाम अनुभवास येतो : नियम अर्धवट लक्षात राहिलेले लोक उलट बाजूने चुकू लागतात आणि ‘रुग्णाला कुशीवर निजवा’ या सूचनेतही ‘लाय द पेशंट’ लिहू लागतात. निबंधात ‘लाय’ आणि ‘ले’ जरूर तपासावेत. घटनेच्या नोंदीत ती दोन्ही टाळता येतात, मग टाळलेलीच बरी.

त्याऐवजी जी पद्धत स्वीकारली गेली ती साधी आहे. कोणी न पाहिलेल्या घटनेसाठी ‘फाउंड ऑन फ्लोअर’ लिहायचे, म्हणजे रुग्ण जमिनीवर आढळला. कसा आला याविषयी हे शब्द काहीच दावा करत नाहीत आणि त्यातच त्यांची खरी किंमत आहे. कर्मचाऱ्याने आधार देऊन खाली आणले असेल तर ‘लोअर्ड टु फ्लोअर बाय’ आणि त्यापुढे आधार देणाऱ्याचे पद. ‘बाय’ आले की कर्ता लिहावाच लागतो. ‘लेड’ नेमके तेथेच निसटले होते. रुग्ण आपणहून आडवा झाला असे तो स्वतः सांगत असेल तर त्याचे सांगणे त्याच्याच नावावर, ‘पेशंट स्टेट्स’ असे म्हणून नोंदवायचे. हँडओव्हरमध्ये ‘पडले होते’ असे ऐकल्यावर ‘कोणी पाहिलं का’ हा प्रश्न विचारणे आता बंधनकारक आहे. तो मराठीत विचारला तरी चालतो, किंबहुना तसाच विचारला जातो.

मूळ नोंद खोडली गेली नाही. केसपेपरवरील मजकूर बदलायचा नसतो, म्हणून तिच्याखाली ‘लेट एंट्री’ म्हणून तारीख, वेळ व सहीसह नवी नोंद जोडण्यात आली : ‘पेशंट फाउंड ऑन फ्लोअर ॲट ३:२० एएम आफ्टर साउंड हर्ड. फॉल नॉट विटनेस्ड.’ इन्सिडेंट रिपोर्टमधील वर्गीकरणही त्याप्रमाणे बदलले.

एक मुद्दा मात्र नव्या वर्गीकरणामुळेच पुढे आला. पडल्यानंतर एक तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहावे लागणे याला वैद्यकीय इंग्रजीत ‘लाँग लाय’ म्हणतात. येथे ‘लाय’ नाम म्हणून येते आणि सुदैवाने ते कोणी ‘ले’ करत नाही. इतका वेळ एकाच जागी दाबल्या गेलेल्या स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, म्हणून रक्तातील क्रिएटिन कायनेज, म्हणजे इजा झालेल्या स्नायूंतून रक्तात उतरणारे विकर, तपासतात. २ वाजता रुग्ण कॉटवर झोपलेला होता आणि ३:२० ला जमिनीवर आढळला, म्हणजे मधली ८० मिनिटे कागदावर रिकामी होती. परिचारिका आवाज ऐकून लगेच गेली असे तिचे म्हणणे होते आणि ते खरे मानले तर रुग्ण काही क्षणच खाली होता. परंतु तो आवाज पडण्याचा होता की पडलेल्या रुग्णाने उठण्यासाठी दार धरल्याचा, हे ती सांगू शकली नाही आणि रुग्णाला बाथरूमला जाण्यासाठी उठल्यापलीकडे काही आठवत नव्हते. समितीने ‘लाँग लाय’ची शक्यता नाकारता येत नाही असे अहवालात लिहिले, रक्ताची तपासणी करून घेतली, ती सामान्य आली, आणि सुधारित अहवालाची प्रत नातेवाइकांना देण्यात आली.